नळी कधी निघणार?

पत्राचा गोषवारा: बीपी वाढल्यामुळे तिसाव्या आठवड्यात सिझर झालेल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी जन्मली तेव्हा १३०० ग्रॅमची होती. आज ती २३ दिवसांची आणि १४८० ग्रॅमची आहे, एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात. सुरुवातीचे काही दिवस श्वासासाठी मशिन लागलं, आता ऑक्सिजनही निघाला आहे. दर दोन तासांनी २० एमएल दूध नळीने जातं. चार दिवसांपासून सिस्टर दिवसातून दोनदा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, पाजून बघतात. सहा-सात एमएल झालं की बाळ झोपतं. एकदा ठसका लागून ओठ निळे पडले, मॉनिटर वाजला, तेव्हापासून आईने धसका घेतला आहे. सकाळच्या सिस्टर बाळ थांबलं की थांबतात, रात्रीच्या सिस्टर तळपायाला टिचक्या मारून उरलेलं संपवतात. शेजारच्या पेटीतलं तेवढ्याच वजनाचं बाळ अंगावर पिऊन घरीसुद्धा गेलं. सासूबाई म्हणतात, नळीची सवय लागली की बाळ ओढायचं विसरतं, बाटली लावा. नवरा रोजच्या बिलाने मेटाकुटीला आला आहे. त्याचा प्रश्न, नळी काढली तर भूक लागून पिईलच ना? त्यात आईचं दूधही कमी होत चाललं आहे. ती विचारते, ‘मेडिकलमधून बाटली आणून देऊ का, की थांबू? आणि माझ्याच हातून काही राहून जातंय का?’

प्रिय ताई,

बाटली आणू नका, आणि नळी काढा असा हट्ट तर मुळीच धरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्राच्या सुरावरून उद्याच्या राऊंडला घरची मंडळी हाच विषय काढणार असं दिसतंय. आता सविस्तर बोलू.

तुम्ही मुलीचं वय २३ दिवस लिहिलंत. पिण्याच्या बाबतीत हे वय बाजूला ठेवा. तीस आठवडे आणि वर तेवीस दिवस, म्हणजे ती आज ३३ आठवडे २ दिवसांची आहे. दिवस पूर्ण भरायला अजून जवळजवळ सात आठवडे आहेत. सगळं सुरळीत असतं तर आज ती पोटात असती, जे लागतं ते नाळेतून मिळत असतं आणि ‘पीत नाही’ अशी तक्रार कोणी केलीच नसती. सात आठवडे शिल्लक असताना ती एका वेळी सहा-सात एमएल तोंडाने घेते आहे. मला तर यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

ओढणं आणि गिळणं ही दोन्ही कामं बाळ पोटातच शिकायला लागतं. सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसतं, भोवतालचं पाणी गिळतं. पण पोटात श्वासाची भानगड नसते. बाहेर आल्यावर हे तिसरं काम मध्ये येतं, आणि घशात हवेची आणि दुधाची वाट काही अंतर एकच आहे. घाटात रस्ता अरुंद असला की एका बाजूच्या गाड्या थांबवून दुसऱ्या बाजूच्या सोडाव्या लागतात, तसं घोट जाताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो आणि घोट गेला की लगेच घ्यावा लागतो. ओढ, गिळ, श्वास यांचा ताल साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जुळू लागतो आणि बऱ्याच बाळांत ३६-३७ आठवड्यांपर्यंत पक्का होत जातो. ज्यांना सुरुवातीला श्वासासाठी मशिन लागलं, त्यांना थोडं उशिराच जमतं. तुमची मुलगी त्यातली आहे.

हा ताल मेंदू आणि नसांच्या वाढीतून येतो, भुकेतून नाही. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मोठ्या माणसाला भूक लागली की तो दोन घास जास्त खातो. दीड किलोच्या बाळाला उपाशी ठेवलं तर ते आधी रडून दमतं, मग रडेनासं होतं, त्याची साखर उतरू शकते आणि पुढच्या वेळी प्यायला अंगात त्राण उरत नाही. नळी तिचं पोट भरते म्हणून तर तिच्यात शिकायची ताकद राहते. सासूबाईंची भीतीही अगदीच बिनबुडाची नाही. तोंडाला नुसती नळी आणि दुसरं काहीच नाही असे अनेक आठवडे गेले, तर बाळाला पुढे तोंडाने घ्यायला जड जातं. त्यासाठी नळी काढायची गरज नसते, नळी असतानाच तोंडाला चांगल्या गोष्टींची ओळख करून द्यायची असते. ती कशी, ते खाली सांगते.

शेजारच्या पेटीतल्या बाळाचंही बघू. वजन तेवढंच होतं हे तुम्ही लिहिलंत, ते किती आठवड्यांचं होतं हे लिहिलं नाहीत. कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. पोटात वाढ नीट न झाल्यामुळे छत्तिसाव्या आठवड्यात दीड किलोचं जन्मलेलं बाळ दिसायला तुमच्या मुलीएवढंच असतं, पण पिण्याच्या बाबतीत ते तिच्या तीन आठवडे पुढे असतं. एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर जितके बालरोगतज्ज्ञ भेटतात तितके आत कधीच नसतात, आणि त्यांचं सगळं शास्त्र वजनकाट्यावर उभं असतं. तुम्ही आठवडे मोजा.

आता पाजण्याकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. सगळ्यांचे डोळे बोंडल्यात किती उरलं याकडे लागलेले असतात. उद्या सकाळच्या सिस्टर पाजत असताना तुम्ही बोंडल्याकडे बघू नका, मुलीच्या हाताकडे आणि भुवयांकडे बघा. चांगलं चाललेलं असतं तेव्हा हात तोंडाजवळ, मूठ सैल, चेहरा निवांत. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर एका कडेला टेकलेली, बाळ उशाकडून बरंच उचलून कलतं धरलेलं, मानेला आधार. दूध तिच्या जिभेपर्यंत येतं, ती जिभेने ते आत घेते, गिळते, एक-दोन श्वास घेते, मग पुन्हा. सिस्टरचं काम दूध ओठाशी आणून ठेवायचं. घशात ओतायचं नाही.

मग एका घोटानंतर बोटं पंज्यासारखी फाकतात. भुवया वर जातात किंवा कपाळाला आठ्या पडतात. नाकपुड्या फुलतात. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळायला लागतं, उचकी लागते, ती मान मागे टाकते. किंवा घोटामागून घोट गिळत सुटते आणि मध्ये श्वासच घेत नाही. यातलं काहीही दिसलं की बोंडलं खाली करून तिला श्वास घेऊ द्यायचा. सावरली तर पुन्हा ओठाशी न्यायचं. नाही सावरली, ओठांभोवती करडा-निळसर रंग आला किंवा अंग एकदम ढिलं पडलं, तर त्या वेळचं पाजणं संपलं, उरलेलं नळीने. ठसका लागला त्या दिवशी यातलं काहीतरी आधी दिसून गेलं असणार, कोणाचं लक्ष नसेल एवढंच. आणि ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका. इतक्या लहान बाळांत दूध श्वासनलिकेकडे गेलं तरी कधी कधी खोकला येतच नाही.

सुरू करायची वेळही तिचं अंगच सांगतं. पाजायच्या वेळेआधी ती आपणहून चुळबुळ करते का? डोळे उघडते का? हात तोंडाकडे नेते, गालाला बोट लागलं तर तिकडे तोंड वळवते, नळीच चोखत बसते? श्वास शांत आहे, मिनिटाला साठच्या आत? मग बोंडलं हातात घ्यावं. गाढ झोपलेल्या बाळाला घड्याळात दहा वाजले म्हणून उठवून पाजायचं, हे नळीच्या बाबतीत चालतं. तोंडाने पाजायला जागं बाळ लागतं. वीस-पंचवीस मिनिटं होऊनही संपत नसेल तर थांबावं, कारण त्यानंतर दुधातून मिळतं त्यापेक्षा पिण्यात जास्त खर्च होतं.

म्हणून रात्रीच्या टिचक्या मला पटत नाहीत. तळपायाला टिचक्या, गाल ओढणं, हनुवटी दाबून तोंड उघडणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि कागदावर एमएलचा आकडा छान दिसतो. ती झोपली तेव्हा तिच्यापुरतं तिचं काम झालेलं होतं. अर्धवट झोपेतल्या बाळाच्या तोंडात गेलेलं दूध फुप्फुसात उतरण्याची भीती असते. शिवाय तोंडाशी काही आलं की त्रासच होतो हे बाळ लक्षात ठेवतं. अशी काही मुलं पुढे वरणभात सुरू करायच्या वेळीही तोंड घट्ट मिटून बसतात आणि घरचे म्हणतात, नखरे करते.

पण रात्रीच्या सिस्टरशी भांडू नका. रात्री एका बाईच्या गळ्यात किती बाळं असतात ते तुम्ही पेटीपाशी बसून बघितलं असेलच, आणि ‘फीड पूर्ण झालं नाही’ म्हणून सकाळी बोलणी तिलाच खावी लागतात. डॉक्टरांना राऊंडला सांगा, ‘बाळ थांबलं की थांबावं, उरलेलं नळीने द्यावं, असं केसपेपरवर लिहाल का?’ लिहिलेलं असलं की दोन्ही पाळ्यांत एकच पद्धत राहते आणि सिस्टरही सुटते.

बाटलीचं म्हणाल तर ती काही विष नाही. परदेशात अनेक एनआयसीयूंत लहान बाळांना मंद धारेच्या निपलने, कुशीवर निजवून, थांबत थांबत बाटलीने पाजतात. पण ते शिकलेल्या हातांनी, मॉनिटर समोर ठेवून. मेडिकलमधून आणलेल्या निपलमधून धार किती वेगाने येईल ते पाकिटावरून कळत नाही, आणि जोरात आलेली धार थांबवणं या बाळाच्या हातात नसतं. अंगावर पिताना ते थांबलं की दूधही बरंचसं थांबतं, म्हणून अंगावर पिणाऱ्या छोट्या बाळांचा ऑक्सिजन बाटलीपेक्षा स्थिर राहतो. घरी बाटली उकळायची, निपलच्या खाचेतला साय-चिकटा काढायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, हेही आलंच. बोंडलं किंवा वाटी एका उकळीत साफ होते. आपल्याकडच्या नवजात कक्षांत बाटली का नसते याचं हे एक कारण, आणि बाटल्यांची जाहिरातबाजी तर १९९२च्या कायद्यानेच बंद केली आहे. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. वाटीने पाजलेल्या बाळांना घरी जायला काही अभ्यासांत जास्त दिवस लागलेले दिसले. म्हणजे सासूबाईंचा बाटलीचा आग्रह अगदीच हवेतला नाही. पण त्याच अभ्यासांत, घरी जाताना पूर्णपणे अंगावर पिणारी बाळं वाटीच्या गटात जास्त होती. तुमच्या मुलीला ठसक्याने निळं पडून थोडेच दिवस झालेत. मी तरी या घडीला थांबण्याच्या बाजूने आहे. पुढे काही कारणाने बाटलीची वेळ आलीच, तर ती युनिटमध्येच, त्यांच्या देखरेखीत शिकून घ्या. त्यात आई म्हणून तुम्ही काही हरलात असं समजू नका.

तुमच्या हातून काय राहून जातंय, हा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, चोरट्यासारखा विचारलात. चूक म्हणाल तर काही नाही. पण करण्यासारखं भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं फक्त तुम्हालाच करता येईल.

एक, दूध. बाळ ओढत नसेल तर ते काम हातांना करावं लागतं. चोवीस तासांत निदान आठ वेळा, त्यातलं एक रात्री. नेमकी रात्रीची वेळ सुटते. बाळ हॉस्पिटलात, आई लॉजवर किंवा नातेवाइकांकडे, सिझरचे टाके, आणि सगळे म्हणतात झोप गं. मग दूध आटतं. जमेल तेव्हा पेटीजवळ बसून, तिला बघत काढा, फरक पडतो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर कोणत्या, ते दूध कमी झाल्याचं सांगताना डॉक्टरांच्या कानावर घाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईचं दूध सुरुवातीला प्रथिनांनी जास्त भरलेलं असतं. तरी डॉक्टर त्यात जास्तीच्या पोषणाची पुडी मिसळायला सांगतील, तेव्हा ‘माझं दूध पातळ म्हणून’ असा अर्थ काढू नका. या बाळांची हाडं-मांस वाढण्याची घाई एवढी असते की कोणत्याही आईचं दूध त्याला थोडं कमीच पडतं. काही दिवस खरंच कमी पडलं तर डब्याच्या पावडरीआधी दुग्धपेढीची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं त्या ठिकाणाची, चौकशी करा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, आता राज्यात इतरही शहरांत आहेत.

दुसरं, तिला उराशी घेणं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. अंगात फक्त लंगोट आणि टोपी, तुमच्या उघड्या छातीवर उभी, वरून पदर किंवा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. आठ तास एका बैठकीत होत नाहीत, तुकड्या-तुकड्यांत होतात, आणि सगळे तुमच्याच छातीवर व्हायला हवेत असंही नाही. यजमान घेऊ शकतात. सासूबाईसुद्धा. ज्या आजीला वाटतं की नातीसाठी कोणी काही करत नाही, तिच्या छातीवर नात दोन तास द्या. बाटलीचा विषय बहुतेक आपोआप मागे पडेल.

तिसरं, रिकाम्या अंगावर घेणं. आधी हाताने दूध काढून घ्यायचं, मग तिला लावायचं. ती चाटेल, दोनदा ओढेल, तोंडात धरून झोपेल. दूध फारसं येत नसल्यामुळे ठसक्याची भीती जवळजवळ नसते आणि ओढण्याचा सराव होतो. त्याच वेळी नळीने दूध चालू ठेवलं तर ओढणं आणि पोट भरणं यांची सांगडही बसते. अशा कोरड्या सरावाने बाळं तोंडाने पूर्ण प्यायला लवकर लागतात असं अभ्यासांत दिसलं आहे. सासूबाईंच्या ‘ओढायचं विसरेल’ला खरं उत्तर हेच. बहुतेक युनिट याला हरकत घेत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

पैशांचं. यजमानांना दोष देऊ नका, दिवसाचा आकडा कोणालाही घाबरवेल. पण त्यांनी डॉक्टरांना ‘नळी कधी काढणार’ असं विचारण्यापेक्षा ‘घरी जायला काय काय जमायला हवं आणि त्यातलं काय बाकी आहे’ असं विचारावं. साधारणपणे श्वास थांबण्याचा प्रसंग काही दिवसांत झालेला नसावा, पेटीबाहेर अंग ऊबदार राहावं, वजन सलग वाढावं (किलोमागे रोज १५-२० ग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला २२ ते ३०) आणि सगळं दूध तोंडाने जावं. तोंडाने म्हणजे बोंडल्यानेही चालतं. अंगावर पूर्ण प्यायला लागेपर्यंत थांबायला हवं असं नाही, ते घरी जमू शकतं. हॉस्पिटल राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले आरोग्य योजनेत आहे का, आणि तुमच्या बाळाचे उपचार त्यात बसतात का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या त्या योजनेच्या माणसाला, विचारा. आता तिला ऑक्सिजन नाही, फक्त नळी, ऊब आणि वेळ हवा आहे. अशा बाळाला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवता येईल का, हेही डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. यात कमीपणा नाही, मात्र न्यायच्या आधी तिथे जागा असल्याचं फोनवर पक्कं करून घ्या.

घरी गेल्यावर गुटी नाही, मधाचं बोट नाही, जायफळ-वेखंडाचा वळसाही नाही, कितीही मायेने कोणी उगाळलं तरी. प्यायला नकार देणं, पिताना निळं पडणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, श्वास जोरात चालणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आशाताई घरी येतील त्यांना वजनाचा कागद दाखवत जा.

शेवटी, तुमच्या पत्रात नसलेली पण याच आठवड्यात करायची गोष्ट. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला हवा. अशा बाळांना पडद्याचा एक आजार (आरओपी) होऊ शकतो. तो वेळेत सापडला तर उपचार आहे, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. तुमची मुलगी २३ दिवसांची आहे, म्हणजे पाच दिवस उरलेत. तपासणी कधी आहे हे उद्याच विचारा, आणि मध्येच डिस्चार्ज किंवा दुसरीकडे हलवायचं ठरलं तर ती कोण करणार हे कागदावर लिहून घ्या. ही तपासणी बाळाला दमवते. त्या दिवशी ती सहा-सातऐवजी दोनच एमएल प्यायली, किंवा काहीच प्यायली नाही, तरी घाबरू नका. तेवढा दिवस नळीवर जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी, ती जागी असेल तेव्हा, बोंडलं पुन्हा ओठाशी न्या.